पडद्याचे कापड

"मी आता काय करतोय?" पडद्याआडून हरकरे मास्तरांनी विचारले.

"डोकं खाजवताय," चारुशीला बाहेरून म्हणाली.

"आणि आता?"

"धोतराचा सोगा सावरलात. आता वाकलात. डावीकडच्या पेटीत हात घातलात. शिडीला मत दिलंत, बाबा."

मास्तर पडद्याबाहेर आले. "मी कोणालाही मत दिलेलं नाही. मी प्रात्यक्षिक करत होतो. आणि इथे बाबा नाही. सर म्हणायचं."

"शिडीला मत दिलंत, सर."

देशातली पहिली निवडणूक होती आणि नागपुरातल्या तांडापेठेच्या शाळेतल्या तिसरीच्या वर्गात दुसऱ्या दिवशी मतदान व्हायचे होते. मास्तर केंद्राचे प्रमुख होते. त्यांची मुलगी चारुशीला मुलींच्या शाळेत शिकवत असे. तिच्याकडे मतदारांच्या डाव्या तर्जनीला शाई लावण्याचे काम आले होते. मत देण्याची रीत अशी सोपी होती की, तिच्यात चूक होण्यासारखे काही नाही, असे सगळे म्हणत. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचे चित्र. शिडी, कुलूप आणि छत्री. हातातला कागद ज्या पेटीत टाकाल त्याला मत. अक्षरओळख नको, काही नको. फक्त मधला पडदा पडद्यासारखा असायला हवा होता.

कचेरीतून आलेले कापड मच्छरदाणीला शोभले असते. त्यात मागच्या भिंतीला मोठी खिडकी. उजेड असा येत होता की, आतला माणूस कोणत्या पेटीशी वाकला हे रस्त्यावरून जाणाऱ्या टांगेवाल्यालाही कळावे.

"खिडकी बंद करू या," चारुशीला म्हणाली.

"मग आत अंधार. म्हाताऱ्या माणसांना चित्रं कशी दिसतील? नाही. प्रत्येकाला दिसलं पाहिजे आणि कोणालाही दिसता कामा नये." मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "दोन्ही एकाच वेळी."

"बरोबर बोलून राहिले मास्तर जी," दारातून आवाज आला.

दारात रुखमाबाई उभी होती. समोरच्या गल्लीत तिचे घर, घरात नवऱ्याचा, श्रावणचा माग. उद्या आपल्याला कुठे जायचे आणि काय करायचे ते ती आदल्या दिवशीच पाहायला आली होती. मतदारयादीसाठी नावे लिहायला आलेल्या माणसाने 'श्रावणची बायको' एवढेच लिहायला घेतले तेव्हा तिने त्याला उंबऱ्यावर थांबवून आपले नाव लिहायला लावले होते आणि वाचूनही दाखवायला लावले होते.

"मले एक सांगा," ती म्हणाली. "म्या कोन्या डब्ब्यात कागद टाकला ते माह्या घरच्यायले दिसन का?"

"दिसता कामा नये."

"पन या चाळणीतून त दिसन."

"दिसेल," मास्तरांनी कबूल केले.

"मंग कसं जमाचं? आमचे हे म्हंते, शिडीले टाक. माहा भाऊ चंद्रभान कुलपाचा एजंट हाय, तो म्हंते, कुलपाले टाक. दोघंई उद्या इथंच राहीन. मले माह्या मनानं टाकाचं हाय. आजलोक घरात मीठ किती टाकाचं हे बी मी सासूले पुसून टाकलं. हा कागद माहा हाय."

रुखमाबाईने ते कापड दोन बोटांत धरले, अंगठ्याने चोळले आणि किळस आल्यासारखे सोडून दिले. मग म्हणाली, "थांबा. मी आनतो."

ती परत आली तेव्हा तिच्या हातात घडी घातलेले पिवळे लुगडे होते आणि मागे श्रावण होता. आयुष्यभर श्रावणने दुसऱ्यांसाठी विणले होते. हे पहिले त्याने घरासाठी विणले होते. त्यांची मुलगी शामला माघात बोहल्यावर चढायची होती. काठ करवती, पदर असा की चारुशीलाने नकळत हात पुढे केला आणि मास्तरांकडे पाहून मागे घेतला.

"लग्नाचं लुगडं?" मास्तर म्हणाले. "नको, नको. सरकारी कामाला असं…"

"नवऱ्यानं दोन वेळा ठोकून विनलं हाय," रुखमाबाई म्हणाली. "उजेड यातून पार होत नाही. दुहेरी टांगलं त देव बी पाहू शकत नाही. अन उद्याच्या दिवसाचाच त प्रश्न हाय. जसंच्या तसं वापस द्या म्हंजे झालं."

श्रावण जरा घुटमळला. पण सरकारला कापडाची अडचण पडावी आणि ती आपल्या मागाने सोडवावी, ही गोष्ट त्याला आतून आवडली होती. "डाग नाही पडला पाह्यजे, मास्तर जी."

"पडणार नाही. माझा शब्द."

लुगडे टांगताना मात्र श्रावणने एक अट घातली. पदर बाहेरच्या बाजूला आला पाहिजे.

"आत गेला तरी चालेल," मास्तर म्हणाले. "लोक मत द्यायला येणार आहेत."

"येतीन ना. पन येनारे सारे कोष्टीच हायेत. पदर आतमंदी लपवला त म्हनतीन, श्रावणनं काही तरी गडबड केली."

पदर बाहेर आला. मास्तर पुन्हा आत गेले. "मी आता काय करतोय?"

"काही दिसत नाही, सर," चारुशीला म्हणाली. मास्तर आत बराच वेळ समाधानाने उभे राहिले असावेत, कारण ते लवकर बाहेर आले नाहीत.

सकाळी त्यांनी चारुशीलाला शेवटची सूचना दिली. कुठे कुठे लोक शाई पुसून दुसऱ्यांदा मत द्यायला येतात, असे त्यांनी ऐकले होते. तेव्हा शाईत कंजुषी नको. नुसता ठिपका नको. नखापासून पेरापर्यंत, सगळीकडून. "एकाही माणसाला दोनदा मत देता येता कामा नये," ते म्हणाले. चारुशीलाने काडी दौतीत अशी बुडवली की शाई पहिल्याच बोटावरून ओघळली.

ते बोट रामाजींचे होते. पेठेतले सगळ्यांत म्हातारे विणकर. त्यांनी कागद घेतला, मास्तरांनी जमिनीवर खडूने काढलेल्या रेघेवरून ते पडद्यापर्यंत गेले आणि थांबले. मान तिरकी केली. डाव्या हाताची दोन बोटे पुढे आली, पदराची कड अंगठा आणि तर्जनीत धरली गेली, हलकेच चोळली गेली.

"श्रावण!" ते रांगेकडे वळून ओरडले. "सूत कितीचं हाय गा हे?"

"मत द्या, काका!" रांगेतून श्रावण ओरडला. पण चेहरा फुलला होता.

दुसरा मतदार थांबला. तिसरा थांबला. विणकराच्या हाताला कापड दिसले की तो हात विचारून पुढे जात नाही. उजव्या हातात कागद होता, म्हणून डावा हात पुढे जाई. सगळ्यांची तीच दोन बोटे, पदराची तीच कड. पडद्याच्या एका बाजूला शिडीचा एजंट बाबूलाल बसला होता, दुसऱ्या बाजूला कुलपाचा चंद्रभान. दोघेही मतदारांचे चेहरे वाचण्यात इतके गुंतले होते की, हाताकडे कोणाचे लक्ष नव्हते. आणि मास्तर आपल्या खुर्चीवरून हे दुरून पाहत होते आणि त्यांना गहिवरून येत होते.

"पाहिलंस?" ते चारुशीलाच्या कानाशी म्हणाले. "यांना लोक अडाणी म्हणतात. प्रत्येक माणूस पडद्याशी थांबतो. विचार करतो. मगच आत जातो."

"हो, सर," चारुशीला म्हणाली आणि पुढच्या बोटाला पेरापर्यंत शाई लावली.

श्रावण मत देऊन लग्नाची भांडी आणायला इतवारीच्या बाजारात निघून गेला. दुपार झाली, आणि रामाजी पुन्हा रांगेतून पुढे आले.

"बोगस!" बाबूलाल उठून उभा राहिला. "सकाळी मत देल्लं या बुढ्यानं! म्या पाह्यलं!"

"म्या बी पाह्यलं," चंद्रभान म्हणाला. दिवसभरात दोघांना पटलेली ही पहिली गोष्ट.

"देल्लं ना," रामाजी शांतपणे म्हणाले. "नाही कोन म्हंते? मत नाही द्याचं मले. पदर पाह्याचा राह्यला. सकाळी मांगून ढकलून राहिले होते पोट्टे."

मास्तरांनी त्यांचा डावा हात हातात घेतला. नखावर काळे होते, पण ज्या बाजूने माणूस कापड धरतो ती बाजू स्वच्छ होती. "रामाजी, इथली शाई कुठे गेली?"

रामाजींनी बोटाकडे पाहिले. मग त्यांनी, आणि त्यांच्या पाठोपाठ खोलीतल्या सगळ्यांनी, पडद्याकडे पाहिले.

पिवळ्या पदराची कड हाताच्या उंचीवर पार काळी झाली होती. बोटावर बोट, अंगठ्यावर अंगठा. त्याच्या वरच्या अंगाला उंच माणसांची बोटे, खालच्या अंगाला वाकलेल्या म्हाताऱ्यांची. तांडापेठेतल्या अर्ध्या मतदारांनी जिथे सही करायची नव्हती तिथे सही करून ठेवली होती.

"पुसली जाणार नाही अशीच शाई आहे ती," चारुशीला हळूच म्हणाली.

"मला माहीत आहे," मास्तर म्हणाले. "मीच तर…" त्यांनी वाक्य सोडून दिले. बायकांची रांग सुरू व्हायची वेळ झाली होती आणि रांगेत पहिली रुखमाबाई होती.

ती आत आली ती मास्तरांकडे पाहून हसत. मग तिला सगळ्यांची तोंडे दिसली. मग पदर दिसला. कोणी काही म्हणायच्या आत ती खुर्च्यांमधून वाट काढत पडद्याशी पोचली. कोपऱ्यातल्या माठातले पाणी तिने ओंजळीत घेतले आणि पदराची कड दोन्ही हातांनी चोळायला सुरुवात केली.

"रुखमाबाई, हात लावू नका!" चारुशीला ओरडली.

उशीर झाला होता. शेवटच्या काही जणांची शाई अजून ओली होती. पदरावरचा डाग पाण्याने फक्त पसरला. रुखमाबाईने हात वर केले तेव्हा तिची दहाही बोटे काळी होती.

तिने पदराकडे एकदा पाहिले, ओले हात अंगावरच्या लुगड्याला पुसू लागली आणि पुसता पुसता थांबली. मग ती चारुशीलाच्या टेबलाशी आली आणि तिने डावा हात पुढे केला. "लावा."

"हरकत!" बाबूलाल सवयीने ओरडला. "बोटाले शाई हाय. मत देऊन झालं या बाईचं."

"अरे, ते माही बहीण हाय!" चंद्रभान म्हणाला. "आता त आली. कवा देल्लं तिनं मत?"

बाबूलालने क्षणभर विचार केला. बाई चंद्रभानची बहीण असली तरी श्रावणची बायको होती, आणि श्रावण शिडीचा माणूस. "हाव, खरं हाय. हरकत वापस घेतो मी," तो म्हणाला.

"माही त हरकत नव्हतीच," चंद्रभान म्हणाला.

"हरकत तुमची नाही, नियमाची आहे." मास्तरांनी पुस्तिका उघडली होती. त्यांचा आवाज खाली आला होता. "डाव्या तर्जनीला शाई असेल त्याला मतपत्रिका देऊ नये. स्पष्ट लिहिलं आहे. कारण त्याचं मत देऊन झालेलं असतं."

"एका बोटाले शाई म्हंजे एक मत देल्लं," रुखमाबाई म्हणाली. "होय ना?"

"होय."

"माही दहाई बोटं काळी हायेत. म्हंजे दहा मतं देल्ली का म्या?"

बायकांच्या रांगेत हशा पिकला. रुखमाबाई हसली नाही. "मास्तर जी, लुगडं गेलं त गेलं. मानूस जिता हाय, ते पुन्ना विनन. पन हा कागद मले टाकू द्या. तो आडपडदा म्या कशासाठी आनला होता?"

मास्तरांनी पुस्तिका एकदा पुढे चाळली, एकदा मागे चाळली. लग्नाचे लुगडे पडद्याला वापरल्यास काय करावे, हे तिच्यात कुठेही नव्हते. चारुशीला त्यांच्याकडे पाहत होती. वर्गात एखाद्या पोराने पुस्तकात नसलेला प्रश्न विचारला की मास्तर असेच ओठ आवळून बसत, आणि मग शाळा सुटेपर्यंत उत्तर शोधून आणत. इथे मागे रांग होती.

त्यांनी चष्मा नीट केला आणि पुस्तिका मिटली.

"रुखमाबाई, ही शाई तुम्हाला कोणी लावली?"

"तुमच्या पडद्यानं."

"चारुशीलाबाई, पडद्याची या केंद्रावर शाई लावण्यासाठी नेमणूक झाली आहे का?"

"नाही, सर."

"त्याने शपथ घेतली आहे?"

"नाही, सर."

"मग त्याने लावलेली शाई धरता येणार नाही. अधिकार नसताना त्याने ती लावली आहे." मास्तर ताठ बसले. "तुम्ही अधिकृत शाई लावा."

चारुशीलाने काळ्या बोटावर काळी शाई लावली. ती लागली की नाही हे कोणालाही कळले नाही, पण मास्तरांनी वाकून पाहिले आणि मान हलवली. रुखमाबाईने कागद दोन बोटांच्या टोकांवर धरला, म्हणजे त्याला डाग पडू नये, आणि ती पडद्याआड गेली.

आत बराच वेळ काही हालले नाही. बाबूलाल चंद्रभानकडे पाहून हसला. चंद्रभान बाबूलालकडे पाहून हसला. दोघांनाही एकमेकांची कीव येत होती. रुखमाबाई बाहेर आली तेव्हा दोघांनीही तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला, आणि दोघांनाही त्यात काहीच सापडले नाही.

तिच्यामागच्या बायकांना मास्तरांनी स्वतः पडद्याशी उभे राहून आत सोडले. "हात खाली," ते प्रत्येकीला सांगत होते. "कापड उद्या पाहा. आज देश पाहा." बायका हात खाली ठेवत आणि मान वळवून वळवून पदर पाहत.

संध्याकाळी श्रावण भांडी घेऊन आला. मास्तर त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले. "मी शब्द दिला होता."

श्रावणने पदर उजेडात धरला. बोटे पाहिली. हे रामाजी काकांचे, हे अमक्याचे, असे तो ओळखत असावा. मग बाकावर बसला. "पदर बाहेर टांगाले म्याच सांगतलं," तो म्हणाला. काही वेळाने पुन्हा म्हणाला, "पन मास्तर जी, एवढ्यायनं हातात घेऊन पाह्यला. इतवारीत दुकानदार बी एवढं पाहत नाही." त्याचा आवाज नक्की कशाने बदलला ते मास्तरांना कळले नाही.

घरी जाताना त्याने रुखमाबाईला विचारले. "शिडीलेच टाकलं ना वं?"

"पडदा जाड होता," रुखमाबाई म्हणाली.

"अवं, मी बाहेरून पाहून नाही राहिलो. तुले पुसून राहिलो."

"तुमीच त विनला. घट्ट विनला म्हनून सांगत होते ना पेठभर?"

चंद्रभान दुसऱ्या दिवशी आला, तेव्हा त्यालाही तेच उत्तर मिळाले. श्रावणने मागावर दुसरे पिवळे लावले आणि शामला ते नेसून बोहल्यावर चढली. डागाचे रुखमाबाईने स्वतःसाठी ठेवले.

मास्तरांनी सरकारला अहवाल पाठवला. मतदान अधिक सुरक्षित आणि सर्वांना सुलभ व्हावे यासाठी त्यात पुष्कळ सूचना होत्या. म्हाताऱ्यांसाठी बाक, पिण्याचे पाणी, चित्रे डोळ्यांच्या उंचीवर. शेवटची सूचना होती: पडद्याचे कापड जाड असावे, आणि त्याला हात लावावासा वाटणार नाही इतके वाईट असावे.

"'वाईट'च्या जागी 'साधे' लिहू का?" चारुशीलाने स्वच्छ प्रत काढताना विचारले.

"साध्यालाही लावतील. वाईटच लिही."

सरकारचे उत्तर आले नाही. दुसरी निवडणूक आली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले होते आणि मास्तर नव्हते. दिवाळीनंतर गेले. त्या केंद्राचे प्रमुखपद चारुशीलाकडे आले. आदल्या दिवशी तिने टेबलावर पुस्तिका उजवीकडे ठेवली, चष्म्यासाठी जागा सोडली आणि मग आपल्याला चष्मा नाही हे लक्षात येऊन दौत तिथे सरकवली.

कचेरीतून पडद्याचे गाठोडे आले होते. तिने ते सोडले. आत तपकिरी रंगाचे काहीतरी होते. जाड, खरखरीत, गाठीगाठींचे, रॉकेलच्या वासाचे. घोड्याच्या पाठीवर टाकले असते तर घोड्याने झटकून दिले असते. मास्तरांचा अहवाल कोणी वाचला होता, की सरकारचे कापड मुळातच असे असते, हे कळायला मार्ग नव्हता. चारुशीला एकटीच हसली, सांगायला शेजारच्या खुर्चीकडे वळली, आणि मग उठून पडदा टांगू लागली.

सकाळी पहिले रामाजीच आले. आता काठी टेकत. बोटाला शाई लागली, कागद मिळाला. ते पडद्याशी पोचले आणि थांबले. मान तिरकी झाली. काठी काखेत गेली. दोन बोटे पुढे आली.

"रामाजी!" चारुशीला म्हणाली.

"हे कोनं विनलं वं, बाई?" त्यांनी कापड चोळले, उलटे करून पाहिले, नाकाशी नेले. "मानसानं? श्रावण, इकडं ये गा! हे पाह्य आधी!"

श्रावणने पाहिले. त्याच्यामागच्याने पाहिले. मागच्या खेपेला लोक एक क्षण थांबले होते. या खेपेला ते थांबून चर्चा करत होते.

बायकांच्या रांगेत रुखमाबाई आली. तेच पिवळे लुगडे नेसून. पदरावरचे काळे आता करडे झाले होते, पण बोटे अजून ओळखू येत होती. दोन्ही हात तिने पदराखाली घट्ट धरले होते. टेबलाशी येऊन तिने ते बाहेर काढले आणि उलटसुलट करून दाखवले. दहाही बोटे स्वच्छ.

"कशालेच हात लावला नाही," ती म्हणाली. "घरून अशीच आली."

चारुशीलाने शाई लावली, थोडीशीच. रुखमाबाई हात छातीशी धरून त्या तपकिरी पडद्याला वळसा घालून आत गेली. मग पडदा आतून हलला. एकदा खालून, एकदा वरून, आणि मग मधोमध चिमटीत धरल्यासारखा.

ती बाहेर आली तेव्हा चारुशीलाने तिच्याकडे फक्त पाहिले.

"लावला," रुखमाबाई म्हणाली. "पन कागद टाकून झाल्यावर." ती जायला निघाली, पुन्हा वळली, टेबलावर जरा वाकली आणि रांगेला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मास्तर जी असते त त्यायलेच पुसलं असतं. एवढं वाईट कापड दिसल्यावर कोन हात लावल्याशिवाय राहीन?"